इन्शुलिन काचेतच राहू द्या

नांदुऱ्यात मेडिकल टाकल्यापासून मला एक कळलं. किस्से शोधायला जावं लागत नाही, शटर उघडलं की ते गिऱ्हाइकांच्या पिशवीतूनच काउंटरवर येतात. त्यातले सगळ्यात भारी आमच्या इन्शुलिनवाल्यांचे. ही माझी खास मंडळी. त्यांना कोणी अडाणी म्हटलं तर मी भांडते.

*

मोताळ्याकडचे एक काका. एसटीत धक्का बसून त्यांची बाटली फुटली. दुसरी नेली आणि घरी जाऊन सगळं इन्शुलिन तेलाच्या रिकाम्या प्लास्टिकच्या बाटलीत ओतलं. गरम पाण्यानं धुतली होती म्हणे! शुगर चढली तेव्हा आले.

"काका, इन्शुलिन म्हणजे प्रोटीन, लय नाजूक. ते प्लास्टिकला चिकटतं, खराब होतं. कंपनी काच आणि रबराचं बूच तपासूनच घेते."

"म्हंजे बाटलीची बी परीक्षा होते?"

"होते ना. तुमची नापास झाली."

काका म्हणाले, "आमच्या खानदानात बाटली बी नापासच निंगाली."

*

एका कापसाच्या व्यापाऱ्यानं बाटली थेट फ्रीजरमध्ये टाकली. गोठलेलं इन्शुलिन बाद झालं, फेकून द्या, असं सांगितलं तर मला म्हणतो, "कापूस ओला झाला तं आमी वाळवतो. याले काई करता नाई येत?"

*

आमचे एक रिटायर गुरुजी. त्यांचं इन्शुलिन दुधाळ, ते खोकल्याच्या औषधासारखं खडाखडा हलवायचे. बाटलीत नुसता फेस. मी सांगितलं, दोन तळहातांत धरून हळू फिरवा, वाती वळतात तसं.

पुढच्या वेळी त्यांच्या बायको एकट्याच आल्या. "ताई, उपकार झाले. जन्मात पयल्यांदा यायनं वाती वळल्या. आता देवाच्या बी मी यायच्याकूनच वळून घेतो."

*

रोहिणखेडची प्राची लहानपणापासून इन्शुलिनवर. बारावी झाली, बुलढाण्याच्या कॉलेजात नंबर लागला, होस्टेलही मिळालं. वडील रमेशभाऊ अडून बसले. "महिनाभर शुगर बरोबर ठेवून दाखव, मंग जाय."

पोरगी कामाला लागली. आईनंही हौसेनं मदत केली. दर रविवारी आठवड्याभराच्या सिरिंजा भरून, डब्यात मांडून फ्रीजमध्ये ठेवायची. पण शुगर सोमवारी चांगली आणि शनिवारी वर.

रमेशभाऊ म्हणाले, "घरी जमून नाई राह्यलं, तिकडं काय जमन?"

प्राची माझ्याकडे आली ती रडकुंडीला येऊनच. "ताई, मी काईच चोरून खात नाई. शनिवारीच काऊन वाढते?"

तिनं डबा उघडून दाखवला आणि माझ्या लक्षात आलं. "अगं, सिरिंज टोचायसाठी असते, साठवायसाठी नाही. दट्ट्या सरकावा म्हणून तिला आतून सिलिकॉनचं तेल लावलेलं असतं. त्यात इन्शुलिन दिवस दिवस पडून राहिलं की डोळ्यांना न दिसणाऱ्या गुठळ्या धरतं. मग त्याचा जोर कमी होतो."

डॉक्टरांनीही तेच सांगितलं. त्यानंतर ती प्रत्येक वेळी बाटलीतून ताजं भरून घेऊ लागली, आणि तिचे शनिवार सुधारले. महिना भरल्यावर रमेशभाऊंनी स्वतःच तिची बॅग बसमध्ये ठेवली. मला इतका अभिमान वाटला की त्या दिवशी दुकानात येईल त्याला मी चहा पाजला.

*

यंदा रमेशभाऊंनाच शुगर निघाली. परवा ते इन्शुलिन घ्यायला आले, काउंटरवर गर्दी. कसं ठेवायचं ते मी सांगायला लागले तर त्यांनी हात वर केला. "थांबा ताई." व्हिडिओ कॉल लावला आणि बाटली फोनसमोर धरली.

तिकडून प्राचीचा आवाज. "बूच दाखवा. आता तारीख. उजेडात धरा, बाबा. अन् सिरिंजीत भरून ठेवसान तं याद राखा."

"नाई ठेवत, माय."

मागचा एक माणूस म्हणाला, "कोन डॉक्टर हाय हो? लय रागावते."

"माही पोरगी हाय," रमेशभाऊ म्हणाले. मग त्या माणसाच्या हातातली बाटली घेतली, तीही फोनसमोर धरली आणि गर्दीकडे वळले. "लाइनीत या. सगळ्याईच्या बाटल्या पाह्यते पोरगी."