दाराला बांधलेला डहाळा

अक्षर वाकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका असतील, तेवढ्या समजून घ्या. चौथीनंतर माझ्या हाती पाटी आली नाही. आणि हे जे लिहिते आहे ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही — चंद्रीच्या वडिलांनाही नाही. तोंडानं सांगणं माझ्याच्यानं होत नाही, म्हणून कागद.

चंद्री माझी एकुलती लेक. तेव्हा चौथीत होती. गुरुजी म्हणत, पोरीचं ध्यान नाही. धडा चालू असताना ती छपराचे बांबू मोजायची, शेजारी बसणाऱ्या पोरींची गणितं सोडवून द्यायची, अन् मग वर्गाबाहेर उभी राहायची. शिष्यवृत्तीच्या परीक्षेला चार मुलं न्यायची ठरली, त्यांत ती नव्हती. नंबर लागला तर खर्च सरकार करणार होतं, मोताळ्याला राहून पुढं शिकता येणार होतं. ही परीक्षा चौथीतच देता येते, पुन्हा नाही.

मी परक्या पुरुषाशी कधी बोललेली बाई नाही. पण त्या दिवशी शाळेत गेले. दारातच उभी राहिले, पदर सारखा करत म्हटलं — "गुरुजी, तिले येत नाही म्हणून ती खोड्या करत नाही. तिले आधीच येते, म्हणून करते." गुरुजी हसले. पण त्यांनी तिला सहावीचं गणित घातलं, अन् तिनं ते उभ्या उभ्या सोडवलं. पाचवं नाव तिचं लागलं. फीचे तीन रुपये माझ्याकडे नव्हते, ते गुरुजींनीच भरले.

इथवर सांगायला मला बरं वाटतं. किती वर्षं मी मनातल्या मनात इथंच थांबत आले.

परीक्षेच्या आदल्या दिवशी माझ्या भावाचं पत्र आलं. मी एकेक अक्षर लावत बसले होते. चंद्रीनं ते माझ्या हातून घेतलं, घडाघडा वाचलं, अन् हसली. "किती हळू वाचतं वं माय तू." एवढंच. लेकरू होतं, सहजच हसलं असेल. पण मी त्या पत्राची घडी घातली, ती पुन्हा उघडली नाही. ही जाईल, मोठी होऊन येईल, अन् मग असंच हसेल? तिचे वडील मलकापूरला कापसाच्या जिनात कामाला, तिथंच राहत, ते तिला अडवणार नव्हते. घरात सासूही नव्हती. मग कोण अडवणार होतं?

हेवा म्हणू का त्याला? मला दुसरा शब्द येत नाही. पोटच्या पोरीचा हेवा.

घरात गोवर निघाला की आमच्याकडे माता आली म्हणतात, अन् दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधतात. मग परकं माणूस उंबरा ओलांडत नाही, विचारायचं ते बाहेरूनच. सकाळी चंद्री धुतलेलं परकर-पोलकं घालून तयार झाली. मी तिला परसात बकरीला पाला टाकायला धाडलं — अन् दाराला डहाळा बांधला.

गुरुजी चारही मुलांना घेऊन आले. डहाळा दिसताच त्यांनी चपला काढल्या, हात जोडले. बाहेरूनच विचारलं, "माता आली काय हो?"

मी दाराआडून म्हटलं, "हाव."

पोरीले जपा म्हणाले, अन् मुलांना गलका करू नका सांगून निघून गेले.

चंद्री दुपारपर्यंत उंबऱ्यात बसून होती. मी म्हटलं, गुरुजी आलेच नाहीत. डहाळा कशाला, तर गावात साथ आहे म्हणून. नऊ दिवस तिला घरात ठेवलं. शेजारीण दाराशी दूध ठेवून जायची, ते मी तिला पाजलं. रोज मी चंद्रीची पाठ उघडून बघायची — देवीच्या नावानं खोटं केलं, आता खरंच उमटतं का? एक पुरळ उठलं नाही.

दहाव्या दिवशी ती शाळेतून आली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "गुरुजीनं विचारलं, गोवर उतरला काय. म्या हाव म्हटलं."

त्यावर आम्ही दोघी पुन्हा कधी बोललो नाही. तिनं बांबू मोजणं सोडलं. मान खाली घालून बसायची. गुरुजी म्हणाले, पोरगी आता सुधारली.

आता ती सासरी, दुसरबीडला असते. तिची पत्रं येतात. अक्षर मोठं, सुटं सुटं काढते — मला वाचता यावं म्हणून.

गुरुजींनी ते तीन रुपये कधी मागितले नाहीत. मी कापूस वेचून चार-आठ आणे बाजूला टाकत गेले. त्यांची बदली झाली, सामान गाडीत चढत होतं, तेव्हा जाऊन त्यांच्या हातावर ठेवले. पोरगी बरी झाली, त्यात सगळं आलं, असं म्हणून त्यांनी ते न मोजताच खिशात टाकले. मी मोजले होते. पुरते तीन होते.