प्लॅनवाले भाऊंचं दुसरं सिम

बत्तीस वर्षांच्या नोकरीत खून हाताळले, दरोडे हाताळले, बाजार समितीच्या निवडणुकीचे बंदोबस्त केले, आणि त्यातलं बरंचसं आता विसरलोही. एका सिमकार्डाचं प्रकरण मात्र काही केल्या डोक्यातून जात नाही. त्यात रक्त सांडलं नव्हतं की कुणाचं घर फुटलं नव्हतं. तरीही ते आठवलं की आजसुद्धा माझं डोकं तापतं.

तेव्हा मी घाटावरच्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. एका सकाळी परराज्यातल्या पोलिसांचं तिघांचं पथक दारात येऊन उभं राहिलं. त्यांच्याकडे एका निवृत्त शिक्षिकेच्या फसवणुकीचा गुन्हा दाखल होता. बँकेतून बोलतोय असं सांगून कुणीतरी तिची आयुष्यभराची पुंजी लांबवली होती. ज्या नंबरावरून फोन गेले, तो आमच्या हद्दीतल्या एका शेतकऱ्याच्या नावावर होता. नाव, आधार, अंगठा, सगळं जुळत होतं. पथकाच्या अधिकाऱ्याला त्याला त्याच दिवशी अटक करून न्यायचं होतं.

मी शिपाई पाठवून त्या माणसाला बोलावून घेतलं. पन्नाशीचा, चार एकरांत अद्रक आणि मिरची करणारा, अंगात धुतलेला पांढरा सदरा, काखेत एक वही. सोबत बायको होती. तिला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि त्याला आत घेतलं. बीट जमादारानं माझ्या कानात सांगितलं की गावात याला सगळे ‘प्लॅनवाले भाऊ’ म्हणतात. कुणाला मोबाइल घ्यायचा असो की कंपनी बदलायची असो, याला विचारल्याशिवाय गावात पान हलत नाही.

मी सरळ विचारलं, हा नंबर तुमचा का? तो नाही म्हणाला. मग तुमच्या नावावर कसा? ठाऊक नाही म्हणाला. मग शेवटचं सिम कधी आणि कुठून घेतलं ते सगळं सविस्तर सांगा, असं मी म्हणालो आणि तिथंच फसलो. त्यानं वही उघडली.

पिकाची नोंद आता मोबाइलवरून करावी लागते, त्यामुळे बटणाचा फोन कामाचा राहिला नाही, इथून त्यानं सुरुवात केली. तालुक्याच्या तीन दुकानांतले भाव, ऑनलाइनचा भाव, ऑनलाइनचा भाव दुकानदाराला दाखवून पदरात पाडून घेतलेली काच आणि कव्हर, सगळं तारीखवार लिहिलेलं. मग कंपनी कोणती घ्यायची याचा तपास. तीन शेजाऱ्यांकडून तीन कंपन्यांचे फोन मागून आणून हा गृहस्थ शेताच्या चारही बांधांवर फिरला होता, विहिरीवर उभा राहिला होता, आणि कुठं कोणत्या टॉवरच्या किती काड्या दिसतात याचा चक्क नकाशा काढला होता. आमच्या पंचनाम्यांतले नकाशे इतके नीट असते तर निम्मे आरोपी सुटले नसते.

“सायेब, मले एक सांगा,” तो मलाच विचारू लागला, “अठ्ठावीस दिवसाचा महिना कोनत्या पंचांगात हाय? वर्साले तेरा रिचार्ज करा लागतेत.”

पथकाचा अधिकारी घड्याळ बघत होता. मी टेबलावर हात आपटला आणि म्हणालो, पंचांग राहू द्या, सिम कुणाकडून घेतलं ते सांगा. तो म्हणाला, नंबर जुनाच ठेवला, फक्त कंपनी बदलली, धाड गावच्या आठवडी बाजारात. कुणाकडे? “असंल कोनी,” असं म्हणून त्यानं वहीचं पान उलटलं.

मी चार वेळा विचारलं. चारही वेळा गाडी रिचार्जवर, नाहीतर काड्यांवर. विहिरीवर किती काड्या येतात हे तारखेसह सांगणारा माणूस, सिम कुणी दिलं हे विसरतो? मला ते पटेना. खरा चोर इतकं पाल्हाळ लावत नाही, हे मी अनुभवानं सांगू शकतो. हा चोर नव्हता. पण काहीतरी दाबत नक्की होता. टोळीचा माणूस असेल, गावातून गिऱ्हाईक आणून देत असेल, इथपर्यंत माझा संशय गेला.

शेवटी मी त्याला समजावलं. म्हटलं, भाऊ, हे लोक तुम्हाला आज घेऊन जातील. तिकडे भाषा वेगळी, वकील परका, कोठडीत किती दिवस जातील याचा नेम नाही, आणि तिकडे मी नसेन. निरपराध असाल तर आत्ताच बोला.

त्यानं वही मिटली. “नेऊ द्या,” म्हणाला.

पुराव्यांपेक्षा अशा माणसांनी मला नोकरीत जास्त छळलं आहे. माझा पारा इतका चढला की मी उठून बाहेर आलो. बाकावर त्याची बायको तीन तासांपासून बसून होती. तिनं विचारलं, “सायेब, यायले नेऊन राह्यले का?”

मी वैतागून म्हणालो, तुमचे मालक तोंड उघडायला तयार नाहीत, मी काय करू?

“मंग मले इचारा ना,” ती म्हणाली. “मी होती ना सोबत.”

तीन तास ती बाई दहा पावलांवर बसली होती आणि मला, जबाब लिहिणाऱ्या रायटरला, जमादाराला, ठाण्यातल्या कुणालाही तिला विचारावंसं वाटलं नव्हतं. तिनं न अडखळता सगळं सांगितलं. बाजारात कंपनीची छत्री लावून एक तिशीतला माणूस बसला होता. नंबर तोच ठेवून कंपनी फुकटात बदलून देत होता. नवऱ्यानं मशीनवर अंगठा ठेवला. छत्रीवाला म्हणाला, सर्व्हर स्लो आहे, आला नाही, परत ठेवा. यानं परत ठेवला.

“मी म्हनलं, पयल्याच खेपेले तं लाइट लागला व्हता, मंग दुसऱ्यांदा काऊन? तं हे मलेच म्हनतेत, तुले काय समजते त्यातलं.” मग आवाज खाली आणून ती म्हणाली, “अन् मंग यायच्याच सांगण्यावरून गावातल्या अकरा जनायनं तिथीसा जाऊन अंगठे देल्ले. म्हनून हे बोलून नाही राह्यले.”

पुढचं काम अर्ध्या तासाचं होतं. बुलढाण्याला सायबर शाखेत फोन लावला. त्याच्या जुन्या नंबरची कंपनी बदलल्याची नोंद आणि गुन्ह्यातल्या सिमचा अर्ज, दोन्हींची तारीख एकच, बाजाराचा वार. वेळेत नऊ मिनिटांचं अंतर. विक्रेत्याचा कोड एकच. पहिल्या अंगठ्यावर कंपनी बदलली होती, दुसऱ्यावर त्याच्या नावानं नवं सिम निघालं होतं, आणि ते छत्रीवाल्यानं टोळीला विकलं होतं. पथकाचा अधिकारी समंजस होता. त्यानं कागद दोनदा वाचला आणि अटकेचा विषय सोडून जबाब घ्यायचं ठरवलं.

आत जाऊन मी प्लॅनवाल्या भाऊंना सांगितलं की तुमच्या बायकोनं सगळं सांगितलं आहे. सुटल्याचा आनंद सोडा, त्यानं कपाळावर हात मारला.

“सायेब, जेलात गेलो असतो तं लोक म्हनले असते, पोलिसायनं फुकट अडकवला गरीब मानूस. आता म्हनतीन, प्लॅनवालाच येडा निंगाला.”

मी त्याला त्या दिवशी काय काय बोललो ते इथं छापण्यासारखं नाही. आठवडाभर घोळ घालून मोबाइल घेतोस, कंपन्यांना कोर्टात उभं केल्यासारखं तपासतोस आणि एका मशीनवर दोनदा अंगठा देताना विचारत नाहीस, वर बायकोला गप्प करतोस! तो सगळं ऐकून घेत होता. त्याचा चेहरा मात्र मी अटकेची भीती घातली तेव्हा होता त्याहून पडलेला होता.

छत्रीवाला दर आठवड्याला बाजार बदलायचा. चार दिवसांनी दुसऱ्या एका गावच्या बाजारात तो सापडला. आमची एक महिला शिपाई साध्या लुगड्यात, हातात भाजीची थैली घेऊन त्याच्यासमोर बसली. दोन पंच शेजारी भज्याच्या गाडीवर उभे केले. पहिला अंगठा झाल्यावर त्यानं तिला सांगितलं, मावशी, आला नाही, पुन्हा ठेवा. तिनं ठेवला आणि आम्ही त्याला धरलं. टेबलाखालच्या पत्र्याच्या डब्यात चालू केलेल्या सिमकार्डांचा गठ्ठा निघाला.

त्या अकरा जणांना कळवणं बाकी होतं. त्यांच्याही नावावर सिम निघालेली असणार, ती बंद करून घ्यायची होती. मी प्लॅनवाल्या भाऊंना म्हणालो, जमादार जाऊन सांगेल, तुमचं नाव येणार नाही. तो नाही म्हणाला. “मी पाठवलं व्हतं, मीच सांगतो.”

भर दुपारी तो बायकोला घेऊन अकराही घरी गेला. जमादार सोबत होता, त्यानं मला नंतर सांगितलं. दोन घरी याला वाट्टेल ते ऐकावं लागलं. एका घरी कुणी बसा म्हणालं नाही. एका म्हाताऱ्यानं मात्र सगळं ऐकून घेतलं, चहा पाजला आणि विचारलं की मग आता कोणती कंपनी घेऊ.

या प्रकरणानं मला काय शिकवलं? एक तर, जबाब घेताना बाकावर बसलेल्या माणसालाही विचारावं. आणि दुसरं म्हणजे, माणूस तुरुंगाला भितो त्याहून जास्त येडा ठरायला भितो. मूर्ख ठरण्यापेक्षा आरोपी ठरणं परवडलं, असं वाटणारे कितीतरी जण माझ्यासमोर बसून गेले असतील, आणि मी त्यांना निर्ढावलेले समजलो असेन.

हे इथं संपलं असतं तर बरं झालं असतं. त्याच आठवड्यात, आपल्या नावावर किती नंबर चालू आहेत हे सरकारी संकेतस्थळावर पाहता येतं, म्हणून मी माझंही पाहिलं. तीन निघाले. एक माझा, एक बायकोसाठी माझ्या नावावर घेतलेला. तिसरा मी कधी पाहिलेलाही नव्हता. बायकोचं सिम आम्ही एसटी स्टँडबाहेरच्या एका छत्रीखाली घेतलं होतं. सर्व्हर स्लो होता. मी घाईत होतो.

तो नंबर मी त्याच दिवशी बंद करवला. त्यावरून कुणाला फोन गेले, कुणाची पुंजी गेली, याची चौकशी करणं माझ्या हातात होतं. मी ती केली नाही. स्टेशन डायरीत नोंद केली नाही, जमादाराला सांगितलं नाही. ठाणेदारच येडा निघाला, असं कुणी म्हणू नये म्हणून. ज्याला मी तोंडावर मूर्ख म्हणालो तो माणूस अकरा घरी जाऊन आला. मी घरात बायकोलाही बोललो नाही. तिला हे आता इथंच वाचायला मिळेल.