रिकामी वाटलेली कॅसेट

हसायचं तर आत्ताच हसून घ्या, नंतर मला दोष देऊ नका. माझ्या हातून झालेला घोळ असा आहे, की सांगताना पहिल्यांदा मलाच हसू येतं आणि मग हातातला चहा तसाच निवून जातो.

तर मंडळी, तेव्हा आम्ही भिवंडीतल्या नारपोलीत राहायचो. आमचे पप्पा, काशिराम, नगरपालिकेत पाणीखात्यात. दिवसा पाण्याचे व्हॉल्व्ह फिरवायचे आणि संध्याकाळी गायचे. जयंतीला आमच्या वस्तीत त्यांच्याशिवाय स्टेज लागत नसे. आवाज असला खणखणीत, की शेजारी इस्माईलचाचांचे लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, चालू असले तरी वरून ऐकू यायचा! चाचा म्हणायचे, "काशिराम, तू गाताना मी लूम बंद करतो. कापड बिघडलं चालेल, गाणं नाय बिघडलं पाहिजे."

एका जयंतीला चाचांनी स्वतः पप्पांचं एक गाणं कॅसेटवर भरलं. पप्पांनी स्वतः बांधलेलं गाणं. मध्येच तबलेवाल्याला, "हळू रे, तुला काय गाडी पकडायचीय?" असा दमही भरलेला. पप्पांचा आवाज तेवढ्या एका कॅसेटवर होता. म्हणून पप्पांनी तिच्या पाठीमागचा प्लास्टिकचा दात मोडून ठेवला, म्हणजे चुकूनही कुणी तिच्यावर दुसरं काही भरू नये. कळलं? चुकूनही!

आता माझं वेड ऐका. चाचांचे भाऊ गल्फहून एक कॉम्प्युटर घेऊन आले होते. केवढा? पाटीएवढा! रबराची बटणं, टीव्हीला जोडायचा. त्यांच्या घरात कुणी हात लावेना, म्हणून तो माझ्याकडे आला. मी पुस्तकात बघून बघून प्रोग्राम लिहायला लागलो. पण भिवंडीत प्रोग्राम लिहायचा म्हणजे काय चेष्टा आहे? शेजारी लूम सुरू झाले की व्होल्टेज डुबकी मारायचं आणि माझी सकाळपासूनची मेहनत खलास. स्क्रीन कोरी! त्यामुळे माझा कॉम्प्युटर फक्त शुक्रवारी चालायचा. शुक्रवारी आळीतले लूम बंद, वीज शहाण्यासारखी वागायची.

आणि त्या कॉम्प्युटरला स्वतःची आठवण नव्हती हो. स्विच बंद की सगळं विसरला. लिहिलेलं जपायचं तर साध्या टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवर भरून ठेवायचं.

अशाच एका शुक्रवारी माझा प्रोग्राम चालला. काय होता प्रोग्राम? पप्पांचं नाव टीव्हीवर यायचं. एकाखाली एक, काशिराम, काशिराम, काशिराम, थांबायचंच नाही! पप्पांना दाखवून चकित करायचं होतं. ते नेहमी म्हणायचे ना, "ह्या डब्याने पोट भरतं का?" म्हणून.

पण जपून ठेवायला कोरी कॅसेट कुठाय? दुकानं बंद, शुक्रवार! उद्या लूम सुरू, म्हणजे प्रोग्राम गेला. मी घर पालथं घातलं. कपाटात एक कॅसेट सापडली, लेबल पडलेलं. लावून पाहिली. कान देऊन ऐकलं. काही नाही. शांत. म्हटलं, रिकामी! मागचा दात मोडलेला दिसला, तर मी हुशारीने त्या भोकावर चिकटपट्टी लावली. केबल जोडली, रेकॉर्डचं बटण दाबलं. तेवढ्यात बाहेरून पप्पांची हाक आली, "ए, जेवायला ये, वाढलंय!" मी गेलो जेवायला. कॅसेट फिरत राहिली, पार शेवटपर्यंत.

जेवणानंतर पप्पांना टीव्हीसमोर बसवलं. स्वतःचं नाव वर सरकताना ते बघतच राहिले. "अरे, हे थांबतं कुठं?"

"थांबत नाही पप्पा, तीच तर गंमत!"

"एवढ्यांदा माझं नाव शाळेत मास्तरांनीपण घेतलं नसेल," म्हणाले आणि खूप हसले. मला जग जिंकल्यासारखं वाटलं.

पुढच्या उन्हाळ्यात पप्पा गेले. छातीत दुखतंय म्हणाले आणि गेले. ह्यावर मला जास्त बोलवत नाही.

वर्षश्राद्ध आमच्यात नसतं, पण पुण्यानुमोदनाला सगळे जमले. वंदना झाली, जेवणं झाली, आणि खारबावची आत्या म्हणाली, "दादाचा आवाज हाय ना वं कॅसेटीत? मना आयकू द्या रं येकदा."

आईने कपाटातून कॅसेट काढली. चाचा घरून मोठा टू-इन-वन घेऊन आले, आवाज चांगला यावा म्हणून. सगळे मांडी घालून बसले. बटण दाबलं. शांतता. चाचांनी बोट वर केलं, "बोलू नका. गाण्याआधी काशिराम असाच डोळे मिटून उभा राहायचा. कितीतरी वेळ. आता सुरू करेल बघा."

त्या दिवशी मी ऐकली ती शांतता रिकामी नव्हती. पप्पा डोळे मिटून उभे होते!

आणि मग सुरू झालं. "कींऽऽऽ घर्रर्रर्र खर्रर्र!"

आत्या दचकली. "आगो बाय! दादाला काय झालं?"

"हेड गंदा असेल," म्हणून चाचांनी रुमालाने हेड पुसलं. पुन्हा "कींऽऽऽ घर्रर्र!" कॅसेट काढून पेन्सिलीने गुंडाळली. पुन्हा तेच. टू-इन-वनला दोन चापट्या दिल्या. त्याचं बिचाऱ्याचं काय चुकलं होतं? मग पुढे टेप नुसतीच फिरत राहिली, मुकी.

मी काय म्हणालो माहितीये? "दमट हवा ना, खराब झाली असेल." कुठल्या तोंडाने म्हणालो कोण जाणे!

चाचांचे डोळे भरले. आईसमोर हात जोडून म्हणाले, "भाभी, माफ करा. माझ्या मशीनने खाल्ला त्याचा आवाज. उगाच आणली मी." आणि एवढा मोठा माणूस आमच्या ओट्यावर बसून लहान पोरासारखा रडायला लागला.

आता ह्यापुढेही गप्प बसलो असतो, तर मी माणूस उरलो असतो का? मी उठलो, कॉम्प्युटर काढला, टीव्हीला जोडला, कॅसेट लावली. ती घरघर म्हणजे माझाच प्रोग्राम, फक्त कॉम्प्युटरला कळणारा. शुक्रवारच होता. जरा वेळाने स्क्रीनवर नाव यायला लागलं.

"काय लिहिलंय?" आईने विचारलं.

"पप्पांचं नाव."

"सगळीकडं?"

"सगळीकडं. आई, आवाज मी पुसला. चाचांनी नाही."

आई टीव्हीजवळ सरकली, सरकणाऱ्या नावावर हात ठेवला आणि म्हणाली, "नाव तर आलं. आता त्यांना बोलायला लाव."

ते कुठल्या पुस्तकात होतं हो?

वर्षं गेली. मला नोकरी लागली, घरात नवा कॉम्प्युटर आला. रंगीत स्क्रीन, माऊस, स्पीकर आणि माईक! म्हटलं, आता चूक नाही. आईचा आवाज भरून ठेवायचा. व्होल्टेजची भीती नको म्हणून मुद्दाम शुक्रवार धरला.

आईने माईककडे संशयाने पाहिलं. "बापाचा झाला, आता माझ्यावर डोळा का?"

"आई, ह्या मशीनला आठवण आहे. बोल तू."

बोलली बिचारी. पदर सावरून, माईक हातात धरून, बराच वेळ बोलली. मध्ये एकदा डोळे पुसले, एकदा हसली. माझं सगळं लक्ष स्क्रीनवर. सेकंद पुढे जातायत ना? हार्डडिस्कवर जागा आहे ना? हिरवी रेघ सरळच्या सरळ जात होती. मला वाटलं, आई हळू बोलतेय.

मग ऐकायला लावलं. शांतता. आई डोळे मिटून वाट बघत बसली. शांतताच. मी टेबलाखाली वाकून पाहिलं, तर माईकची पिन स्पीकरच्या भोकात!

आई हसली. "जाऊ दे. मशीनने नाय ऐकलं तर नाय ऐकलं. तू तर समोरच होतास ना? सांग बघू, मी काय बोलले?"

मी तोंड उघडलं. मंडळी, मला एक वाक्य सांगता येईना.

आईने माझ्याकडे पाहिलं, माईक टेबलावर ठेवला आणि उठली.

"चल," म्हणाली, "जेवायला ये, वाढते."

तेवढं मात्र ऐकू आलं.