मामांचं चाक आणि माझं विणकाम

बायकोचे मामा आंघोळीला गेले तेवढ्यात मी त्यांचं सायकलचं चाक विणून टाकलं, आणि साफ चुकीचं विणलं.

माझ्या बाजूने एवढंच सांगतो की त्यांच्या घरी थोडा वेळ बसलं तरी कुणाच्याही हातांना खाज सुटते. भाजी वाढून होईपर्यंत ज्यावर हे गृहस्थ टिकतील असं आसन रायपुरात अजून तयार झालेलं नाही. पहिला घास घेऊन ते भिंतीवरचं घड्याळ सरळ करायला उठतात, दुसरा घेऊन पुन्हा वाकडं करतात. रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून तर त्यांना सायकलच्या चाकांचं वेडच लागलंय. एकदा सदर बाजारात गर्दीत अडकलो, तर हे माझ्या स्कूटरवरून उतरून शेजारच्या अनोळखी माणसाच्या सायकलच्या तारा तंबोऱ्यासारख्या छेडू लागले. तो म्हणाला, "क्या कर रहे हो अंकल?" मामा म्हणाले, "सुन रहा हूँ. एक ढीली है." आणि बिचाऱ्याला बाजूला घेऊन चाकाचा आऊट काढत, म्हणजे डुगडुग घालवत बसले. मी पुढे निघून गेलो होतो. मागे कुणी नाही हे मला घरी आल्यावर कळलं.

मामींचे गुडघे धरले तेव्हा मामांनी त्यांच्या जुन्या लेडीज सायकलच्या मागच्या चाकात मोटर बसवायला घेतली. मामी बीरगांवला कामगारांच्या पोरींना शिवण शिकवतात. ऑटोत चढणं होईना, पायडल मारणं होईना. "सोमवारी सायकल झाली तर जाईन, नाही तर वर्ग सोडला," असं त्यांनी पोळ्या लाटता लाटता सांगून टाकलं. मामा मात्र सकाळी तारा ओवून चाक विणत आणि संध्याकाळी सोडत. मी विचारलं की म्हणत, "तारांचा कोन बसून नाही राहिला, जवाई."

सोमवार उजाडला तेव्हाही चाक तारांविना उघडंच होतं. मामा न्हाणीघरात. साध्या सायकलीत प्रत्येक तार वाटेत शेजारच्या तिघी तारांना ओलांडून रिमपर्यंत जाते, हे मला ठाऊक होतं. त्यांनी बाजूला टाकलेल्या लांब तारा घेऊन मी तसंच विणलं. दिसायला जाळी इतकी देखणी झाली की मी चाक बसवताच मामींनी पदर खोचला आणि सायकल बाहेर काढली.

बीरगांवच्या अलीकडे तारा टणटण तुटल्या. मामी सायकल ढकलत, दुखऱ्या गुडघ्यांनी परत आल्या, पिशवी खुंटीला अडकवून म्हणाल्या, "झालं. पोरींना निरोप पाठवा."

मामा चाकाजवळ बसले. खरंच बसले. "साध्या चाकाचा गाभा मुठीएवढा, हा मोटरचा परातीएवढा," तुटलेली तार दाखवत ते मला म्हणाले. "तिघींवरून नेली की रिमच्या भोकात आडवी शिरते. तिथंच वाकते, तिथंच मरते. इथं एकीलेच ओलांडायचं."

"हे ठाऊक होतं, तर इतके दिवस विणलेलं काहून सोडून राहिले होते?" मामींनी विचारलं.

मामांनी पाना उलटसुलट केला. "झालं असतं, तर तू गेली असती ना. दिवसभर मी काय करू?"

मामींनी आखूड तारांचा डबा त्यांच्यापुढे सरकवला. मामा जे बसले ते चाक पुरं होईपर्यंत उठले नाहीत. चहा आला, निवला, साय धरली.

मंगळवारी मामी सायकलवरून गेल्या, थेट बीरगांवपर्यंत. वळणापलीकडे दिसेनाशा झाल्या तरी मामा फाटकात कान देऊन उभे होते. मग पडवीत आले. घड्याळ सरळच होतं. हात कुठं ठेवावेत ते त्यांना सुचेना.

"मामा, माझ्या सायकललाही मोटर बसवू या," मी म्हणालो. "दोघं मिळून विणू."

त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं.

"बसवू. पण तुम्ही हात खिशात ठेवून बसायचं, जवाई," मामा म्हणाले.