मामाची सी कॉर्ड

डाव्या हाताची सगळी बोटं धडधाकट असताना मी वर्षभर त्यातलं एक बोट मुडपून गिटार वाजवली.

गिटार मला मामाने शिकवली. मी सापगावचा, मामा मुरबाडकडे सिद्धगडाच्या पायथ्याशी. मामा कारखान्यात कामाला होता; तिथल्या कुणा सोबत्याने गाव सोडताना दिलेली जुनी गिटार तो स्वतःच वाजवायला शिकला होता. रविवारी मी मोटारसायकल काढून जायचो.

पहिली कॉर्ड सी. पहिलं बोट दुसऱ्या तारेवर, मधलं चौथ्या तारेवर, आणि पाचवी तार दाबायला थेट करंगळी. करंगळीशेजारचं बोट तळहाताकडे मुडपलेलं. "बघ आन कर," एवढीच त्याची शिकवणी. मी बघितलं आणि केलं. करंगळी ताणून ताणून मनगटात गोळा यायचा. मामी समोर वालाच्या शेंगा सोलत बसलेली असायची. "अवो, ह्याचा हात बगा, उलट्या खेकड्यावानी दिसतो," म्हणायची आणि पोट धरून हसायची. मग मामाला सांगायची, "आता माजा गाना वाजवा." मामाने तिच्यावर एक गाणं जुळवलं होतं. त्यात सगळ्या तिच्याविषयीच्या तक्रारीच होत्या, आणि तेच तिला रोज हवं असायचं.

मामी गेली. दोन महिन्यांत मामाच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. हात लुळा पडला, गिटार खुंटीवर गेली. मामीच्या पहिल्या स्मृतिदिनाच्या पुण्यानुमोदनाला पंधरा दिवस उरले, तेव्हा मामाने मला बोलावून घेतलं. "बुद्धवंदना झाली का तिचा गाना तू वाजव. मना एकदा ऐकायचाय."

खुंटीवरची गिटार घेऊन तारा बदलायला मी शहापूरला एका दुकानात गेलो. दुकानदार स्वतः वाजवणारा. ऐट म्हणून मी सी धरून दाखवली. त्याने चष्मा वर केला. "ते बोट दुखतंय का तुमचं?"

"नाही. आमच्या मामांची पद्धत आहे."

तो हसला नाही, हेच जास्त लागलं. त्याने माझं मुडपलेलं बोट धरून पाचव्या तारेवर ठेवलं. करंगळी मोकळी झाली. वर्षभराचा गोळा एका क्षणात गेला.

तसाच मामाकडे गेलो आणि त्या बोटाचं विचारलं. तो म्हणाला, "ता माजा बोट सरळ होत नाय रे. कापणीला मूठ धरलेली, विळा बसला. शीर तुटली."

"मग सांगितलं का नाही?"

"तू इचारलास कवा?"

खरंच, कधी विचारलं नव्हतं. आमच्याकडे प्रत्येकाच्या डाव्या हातावर विळ्याची खूण असते, ती कोण बघतं?

"तुला येतो तसाच वाजव," मामा म्हणाला. "फकस्त मधी थांबू नको."

पण मला आता बरोबर पद्धत कळली होती ना! माणसं जमणार, कुणी जाणकार असलाच तर? त्या पंधरा दिवसांत मी बोटं बदलली. घरी छान जमायचं.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी वंदना झाली, मेणबत्त्या लावून झाल्या. मामा भिंतीला टेकून डोळे मिटून बसला. मी सुरू केलं. पहिली ओळ नीट गेली. दुसऱ्या ओळीला सी आली आणि हात वर्षभराच्या सवयीवर गेला. करंगळी धावली, शेजारचं बोटही धावलं, दोघं एकाच तारेवर. लाकडावर टिचकी मारावी तसा आवाज आला. पुन्हा सुरुवातीपासून घेतलं. पुन्हा तिथेच अडलं. बायका आपापल्या पायांकडे बघू लागल्या. जुन्या पद्धतीने धरू पाहिलं, तर तीही आता हातात नव्हती. मामाचे डोळे मिटलेलेच होते. पुढची ओळ येईल म्हणून तो थांबला होता. शेवटी एका वडीलधाऱ्या माणसाने खोकून पुढच्या वक्त्याचं नाव पुकारलं. तेव्हा मामाने डोळे उघडले.

जेवणं उरकली, माणसं पांगली. मी मामाजवळ जाऊन बसलो. म्हटलं, "मामा, चुकलं. ती पद्धत नवीन होती ना, हात बसला नव्हता."

उजव्या हाताने त्याने डावा उचलून मांडीवर ठेवला.

"गाना तिचा व्हता रे," तो म्हणाला. "तुला तुजी बोटा दाखवायची व्हती."