किल्ली हातात देणारा माणूस

कॅनडातल्या किचनर शहरातली माझी नोकरी जाऊन तीन आठवडे झाले होते आणि घरी मी ते सांगितलं नव्हतं. रोज लॅपटॉपची बॅग घेऊन निघायचो. एका शनिवारी ग्रोसरी घेऊन दुकानातून बाहेर आलो, तर पार्किंगमध्ये जुन्या, वेगवान जर्मन गाड्यांचे शौकीन जमले होते. मी तिथेच रेंगाळलो.

कुठल्या गाडीला आज किती येतील, मूळ रंग असला तर किती वाढतील, यावर वाद रंगला होता. सत्तरीचे एक गोरे गृहस्थ मात्र गप्प होते. खिशातल्या फडक्याने ते आपल्या लाल गाडीच्या दाराची कड पुसत होते.

मी विचारलं, "तुमच्या मते हिची किंमत किती?"

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि किल्ली पुढे केली. "गिअरची गाडी चालवता येते ना? मग चालवून बघा."

मक्याच्या शेतांमधल्या वळणांवर ते शेजारी बसले होते. स्टीअरिंग जड होतं, रस्त्यावरचा खडा न् खडा हाताला कळत होता. वळण, क्लच आणि गिअर यापलीकडे डोक्यात काही शिरायला जागाच नव्हती. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच मला मोकळं वाटलं.

परत आल्यावर ते म्हणाले, "बायको वारली तेव्हा रोज तासभर हिला चालवायचो, त्यानेच मला सावरलं. याचा आकडा कसा सांगू?"

जिवापाड जपलेली गाडी त्यांनी अनोळखी माणसाच्या हाती दिली होती, आणि मी फक्त 'थँक यू' म्हणू शकलो.

घरी आल्या आल्या बायकोला नोकरी गेल्याचं सगळं सांगितलं. तिने माझा हात धरला.

"तू कधी बोलतोस, याचीच वाट बघत होते," ती म्हणाली.