सात नंबरची बाटली

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्यासमोर पाच माणसं डोळ्यांवर यंत्र चढवून खुर्च्यांवर बसली होती. डोळ्यांनी ती जमिनीखाली होती, एका अरुंद बोगद्यात, आणि पुढे त्यांना छताला लावलेला कुजका टेकू दिसणार होता. फोनवर पुतण्या रडत होता. मला लगेच निघायचं होतं. भिंतीवरचं बटण दाबलं असतं तर सगळं एका क्षणात बंद झालं असतं. पण मी दाबलं नाही. अजून नऊ मिनिटांचं काम बाकी होतं. ती नऊ मिनिटं मी दाराशी उभा राहिलो, पाचही जण वर येईपर्यंत, त्यांनी यंत्र उतरवून एकमेकांकडे बघेपर्यंत... आणि मग दादाच्या गावची, उकव्याची बस पकडली. आत नेलेल्या माणसाला मध्येच सोडू नये, हा नियम दादाचाच. त्याच्या मरणाच्या दिवशी मी तो पाळला. तो जिवंत असताना एकदा मोडला होता, आणि त्याबद्दल लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझा मोठा भाऊ सुखदेव उकव्याकडच्या खाणीत एकतीस वर्षं टिंबरमन होता. मँगनीज काढून झाल्यावर जी पोकळी उरते, तिच्या छताला लाकडाचे टेकू लावायचे, त्यांची देखभाल करायची, कुजले की बदलायचे, हे त्याचं काम. त्यानं लावलेल्या टेकूखाली कोणाला खरचटलंसुद्धा नाही, असं त्याचे जोडीदार आजही छातीवर हात ठेवून सांगतात. शिकला आठवीपर्यंत. मी मात्र त्याच्याच पगारावर बालाघाटला कॉलेजात गेलो, संगणक शिकलो, आणि खाणीत नव्यानं भरती होणाऱ्यांना शिकवणाऱ्या एका केंद्रात लागलो.

तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे ती आभासी खाण आली. डोळ्यांवर यंत्र लावलं की चारी बाजूंना बोगदा दिसतो, मान वळवाल तिकडे दिसतो, कानात पाणी ठिबकल्याचा आवाज येतो. चित्र फार देखणं होतं. पण पोरं आत जाऊन हसायची. एकमेकांना कोपर मारायची, 'अरे, मेरा वाला खंभा गिर गया' म्हणून ओरडायची. त्यांना तो मोबाइलवरचा खेळ वाटे. तोवर दादा निवृत्त झालेला होता. एक दिवस कौतुकानं मी त्यालाच बोलावून यंत्र लावलं. त्यानं चारी बाजूंना मान फिरवून बघितलं. मग त्यानं विचारलं, "याच्यात वास हाय का रे?"

मी हसलो. म्हटलं, दादा, चित्राला कुठला वास?

"मंग मी तं खुर्चीवरच बसलो हाय," तो म्हणाला आणि यंत्र उतरवून माझ्या हातात दिलं. "खाणीत पयले नाक जाते. डोळे मागून येतात."

वास आहे की नाही हे त्याला विचारावं का लागावं, असं तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. मला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय.

पुढच्याच आठवड्यात तो बसनं आला, मांडीवर स्टीलचा चार खणी डबा घेऊन. त्यात भाजीभाकर नव्हती, औषधाच्या बाटल्या होत्या. घाटात डबा कलंडला तेव्हा कंडक्टरनं नाक दाबून विचारलं होतं, "काका, डब्बे में क्या मर गया?" आणि दादानं शांतपणे सांगितलं होतं, "खदान है, बेटा. ढक्कन ढीला हो गया." हा किस्सा तो नंतर कितीतरी दिवस सांगायचा. त्या बाटल्यांत त्यानं ओला दगड, साग-सालाचं भिजलेलं लाकूड, सुरुंगानंतरचा धूर, तापलेल्या केबलचं रबर असं काय काय भरलं होतं. लाकडाच्या ढलप्या स्पिरिटमध्ये मुरवायच्या, जळका कागद ग्लिसरिनमध्ये घोटायचा, उन्हात ठेवायचं, गाळायचं. तीन नंबरची बाटली सर्वांत महत्त्वाची होती, कुजक्या टेकूची. गोडसर, शेवाळासारखा वास. तो आला की छताखाली थांबायचं नाही, हे नव्या माणसाला शिकवायचं होतं.

मी जुन्या संगणकांचे छोटे पंखे काढले, एक पेटी केली, प्रत्येक बाटलीपुढे एक पंखा बसवला आणि चित्रात जी जागा येईल तसा तो पंखा सुरू होईल असं जोडून दिलं. माझं श्रेय इतकंच. पहिल्या दिवशी सहा जण बसवले. ओल्या दगडाचा वास आला आणि खोलीतला गलका आपोआप थांबला. कोपर मारणारे हात मांडीवर आले. दादा मात्र त्यांना दिसणारं चित्र दाखवणाऱ्या पडद्याकडे बघत नव्हता. तो एका स्टुलावर बसून त्या सहा जणांकडे बघत होता... त्यांच्या नाकपुड्यांकडे, जबड्याकडे, हातांकडे. बोगद्यात एका ठिकाणी आडवं लाकूड खाली आलेलं दाखवलं होतं. तिथं पोचल्यावर एकानं मान खाली घातली आणि डोक्यावर नसलेल्या हेल्मेटला हात लावला. खोलीत तिथं काहीच नव्हतं, फक्त पंखा. दादानं मला खूण केली. "हा गेला खाली," तो हळूच म्हणाला. बाकी पाच जणांनी मान खाली घातली नव्हती. त्यानं रबराच्या बाटलीतलं थोडं काढून टाकलं, लाकडाचे दोन थेंब वाढवले. असं तो दर आठवड्याला करत राहिला. बाटली नाकाला लावायचा, मान डोलवायचा, आणि पुन्हा माणसांकडे बघत बसायचा. दोन महिन्यांत अशी वेळ आली की प्रत्येकाचा हात हेल्मेटकडे जाऊ लागला.

मग एके दिवशी त्यानं सातवी बाटली आणली. झाकण उघडलं तर चुलीचा धूर, उकळलेला चहा आणि सालाच्या झाडांचा ओला पाला. खाणीच्या तोंडाशी जी टपरी आहे, तिथला वास. तो म्हणाला, पोरं वर आली की हा लाव. चित्रातही त्यानं मला बदल करायला लावला. शेवटी चार मिनिटं चढ चढून उजेडात यायचं, झाडं दिसायची आणि सात नंबरचा पंखा फिरायचा. मी विचारलं, याच्यात शिकवण्यासारखं काय आहे? त्याचं उत्तर ठरलेलं होतं. "आत नेलं त माणसाले बाहेर आणा लागते."

आता माझी गोष्ट. बाहेरून मोठे अधिकारी येणार होते. एका दिवसात जितकी जास्त माणसं बसवून दाखवता येतील तितकं चांगलं, असं मला सांगण्यात आलं. मी शेवटची चार मिनिटं कापली. सातव्या बाटलीआधीच, छत करकरताच, चित्र काळं होऊन बंद. तालमीला दादा आला, त्यानं ते बघितलं आणि विचारलं, "काहून काढलं?" त्याच दिवशी नेमका त्यानं आणलेल्या नव्या तीन नंबरचा वास फार उग्र झाला होता. दोघा जणांना ठसका लागला. मी आधीच चिडलेलो. पंधरा-वीस माणसांसमोर मी म्हणालो, "दादा, तुझं नाक म्हातारं झालं. आणि चहाच्या टपरीचा वास हुंगून कोणी खाण शिकत नाही." कोणीतरी हसलं. मी त्याला असंही सांगितलं की अधिकारी येतील त्या दिवशी यायची गरज नाही.

तो रागावला नाही. नाकाशी एकदा हात नेला, खाली घेतला. रिकामा डबा बंद केला, दुपट्ट्यात बांधला आणि बसस्टँडकडे गेला. सातवी बाटली टेबलावर तशीच राहिली.

कार्यक्रम उत्तम झाला. अधिकाऱ्यांनी पाठ थोपटली. पेटीवर 'मनोहर' अशी माझ्या नावाची पितळी पट्टी बसली. दादाचं नाव घ्यावं असं मला त्या वेळी वाटलंसुद्धा नाही, असं म्हणालो तर ते खोटं ठरेल. वाटलं होतं. घेतलं नाही.

पुढच्याच तुकडीत लामत्याकडचा एक शेतकरी होता, तिशीतला, दोन लेकरांचा बाप. तीन नंबरचा वास आला, छत करकरलं, चित्र काळं झालं. मी यंत्र काढलं तरी तो उठेना. डोळे उघडे, पण खुर्चीचे हात घट्ट धरलेले. पाणी दिलं, हाका मारल्या, आणि तो एकच विचारत राहिला, "बाहर कब निकलेंगे?" दुपारी तो कोणाला न सांगता गावी निघून गेला. त्या रिकाम्या खुर्चीकडे बघताना मला दादाचं वाक्य कळलं. वासानं आम्ही माणसाला खरोखर खाली नेत होतो, आणि तिथंच सोडून देत होतो. चित्र बंद झालं की डोळे परत येतात. नाक येत नाही.

त्याच संध्याकाळी मी चार मिनिटं पुन्हा जोडली. सातवी बाटली कपाटातून काढून जागेवर बसवली. दोन आठवड्यांनी लामत्याला स्वतः जाऊन त्या माणसाला परत आणलं, त्याच्या शेजारी उभा राहिलो. तीन नंबर आला तेव्हा त्यानं पुन्हा खुर्चीचे हात धरले. पण शेवटी सात नंबरचा पंखा फिरला, त्याचे खांदे खाली आले आणि यंत्र डोळ्यांवर असतानाच तो हसला. "चाय चढ़ी है कहीं," म्हणाला. आज तो खाणीत कामाला आहे.

हे सगळं मी दादाला सांगितलं नाही. उकवा काही दूर नाही. येत्या रविवारी जाऊन सांगू, असं म्हणत दीड वर्ष काढलं. एकदोनदा गेलो तेव्हाही तब्येतीबद्दल, पुतण्याच्या नोकरीबद्दल बोललो. त्यानंही कधी पेटीचा विषय काढला नाही. अर्धी उरलेली सातवी आणि बाकीच्या सहा बाटल्या मी थेंबाथेंबानं पुरवत होतो, कारण नव्या मागायच्या तर माफी मागावी लागली असती. एका सकाळी अंगणात दात घासता घासता तो बसला आणि उठलाच नाही.

दादाच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, वंदना होऊन माणसं पांगल्यावर, मी वहिनीला सगळं सांगून टाकलं. पट्टीचं, चार मिनिटांचं, त्या वाक्याचं. वहिनी तांदूळ निवडत होती. थांबली नाही.

"तुम्ही खरंच बोलले होते, भाऊजी," ती म्हणाली. "त्याईचं नाक साथीच्या तापात गेलं ते गेलंच. फोडणी करपली तरी समजे ना."

म्हणजे दादा आभासी खाणीत पहिल्यांदा बसला त्याच्याही आधी. 'याच्यात वास हाय का रे?'... त्याला ते विचारावंच लागलं होतं.

मी विचारलं, मग त्या बाटल्या कोणी केल्या?

"ते सांगत, मी हुंगो. आज जास्ती झालं, आज कमी हाय. तुमच्यापुढं नुसते नाकाले लावत, देखाव्यासाठी. त्या उग्र बाटलीच्या वेळेस मी माहेरी गेलती."

"पण वहिनी, तू तर खाणीत कधी उतरली नाहीस."

"एकतीस वर्षं त्याईचे कपडे धुतले ना."

तिनंच सांगितलं की लामत्याचा तो माणूस दादाला भेटायला घरी येऊन गेला होता, सात नंबर परत लागल्याचं दादाला तेव्हापासून ठाऊक होतं. "म्हने, पोट्टे बाहेर येऊन राह्यले ना, बस झालं. मनोहरले नको सांगू मले माहीत हाय म्हणून, त्याले वाईट वाटन."

लोक मला विचारतात, आठवी शिकलेल्या माणसानं हे कसं केलं? मी अभिमानानं सांगतो, नाक नसलेल्या माणसानं केलं. आठवणीतून, बायकोच्या नाकानं आणि समोरच्याच्या चेहऱ्यावरून. मोठ्या शहरांत लोक महागडी यंत्रं लावून माणूस खरोखर आत कधी जातो याचा शोध घेत असतील, ते माझ्या भावानं एका स्टुलावर बसून ओळखलं होतं. पितळी पट्टी मी काढली आहे. तिथं आता त्याचं आणि वहिनीचं नाव आहे, सध्या कागदावर, माझ्या अक्षरात.

गेल्या आठवड्यात वहिनी बालाघाटला आली, मांडीवर तोच डबा घेऊन. सातवी बाटली संपत आली होती, तिनं नवी भरून आणली होती. मी म्हटलं, एकदा बसून बघतेस? तिनं पदर सावरून यंत्र लावून घेतलं. ओल्या दगडाचा वास सुटला तशी ती ताठ झाली. जिथं आडवं लाकूड खाली येतं तिथं तिनं मान खाली घातली, आणि तिचा हात पदराखालच्या केसांवर गेला, हेल्मेट असतं तिथं. मी दादाच्या स्टुलावर बसून बघत होतो. मग चढ आला, उजेड आला, चहाचा धूर आला. चित्र संपलं. तिनं यंत्र काढलं नाही.

मी हळूच म्हटलं, वहिनी, झालं.

"बसू द्या भाऊजी," ती म्हणाली. "वर आल्यावर ते इथं घडीभर बसत. मंग घरी येत."

सात नंबरचा पंखा मी सुरूच ठेवला.